आधी सेल, मग दिवा

भातुकलीच्या चुलीत लालसर निखारा दिसावा, दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाशी एखादा दिवा मिणमिणावा, पुठ्ठ्याच्या ट्रकला पुढे दोन दिवे असावेत, अशी हौस घराघरांत असते. ती पुरवायला बसलेला माणूस बहुधा एका ठरावीक क्रमाने जातो. आधी तो दिवा निवडतो, म्हणजे रंग कोणता, उजेड किती, नग किती ते ठरवतो. मग तारा जोडतो आणि सरतेशेवटी उरलेल्या जागेत कोणता सेल मावतो ते बघतो. बाजारातली बरीचशी स्वस्त खेळणीही याच क्रमाने घडलेली दिसतात. जत्रेत घेतलेले झगमगते खेळणे आठवड्याभरात मंदावते ते यामुळे, आणि त्याचा सेल कसा बदलायचा हे घरात कोणालाच उमगत नाही तेही यामुळेच. हा क्रम उलटा करावा, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. कोणता सेल, किती सेल आणि ते कुठे बसणार हे आधी ठरवले, की दिव्याचा रंग, रोधाचा आकडा, बटणाची जात आणि मुलाची सुरक्षितता हे बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटत जातात. टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणणाऱ्या आपल्या बोलीने हे फार पूर्वीच ओळखले होते म्हणायला हरकत नाही.

सेलविषयीचा पहिला गैरसमज त्याच्या अंगावरच छापलेला असतो. पेन्सिल सेलवर 1.5 व्होल्ट लिहिलेले असते आणि आपण तो आकडा कायमचा धरतो. प्रत्यक्षात कोरा अल्कलाइन सेल दीडच्या किंचित वर असतो, मग सावकाश उतरत जातो. 1.2 व्होल्टला आला तरी त्यात बरीच शक्ती शिल्लक असते आणि साधारण एक व्होल्टच्या खाली गेल्यावरच तो खऱ्या अर्थाने संपलेला असतो. पुन्हा पुन्हा चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइडचा पेन्सिल सेल तर मुळातच 1.2 व्होल्टचा. म्हणजे आपल्याला दीड व्होल्टवर पेटणारा दिवा नको आहे. दीडपासून एकपर्यंतच्या संपूर्ण उतारावर, कमीजास्त का होईना, पेटत राहणारा दिवा हवा आहे. खेळणे लवकर ‘बिघडते’ तेव्हा पुष्कळदा सेल संपलेला नसतोच. तो फक्त दिव्याला लागणाऱ्या पायरीच्या खाली उतरलेला असतो, आणि अर्धा मसाला शाबूत असलेला सेल कचऱ्यात जातो.

ही पायरी प्रत्येक रंगाची वेगळी असते. आपला दिवा, म्हणजे एलईडी, पेटतो तेव्हा त्यातला एकेक इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रकाशाच्या एकेका कणाच्या रूपाने बाहेर टाकतो. तांबड्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा कमी असते, निळ्याच्या कणात जास्त. त्यामुळे तांबडा एलईडी सुमारे 2 व्होल्टवर काम करतो, पण निळ्याला जवळपास 3 व्होल्ट लागतात. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा थर असतो आणि निळे-पिवळे मिळून डोळ्याला पांढरे दिसते, म्हणून त्यालाही तीनच व्होल्ट. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये करून दाखवला. निळ्यासाठी मात्र नव्वदचे दशक उजाडावे लागले आणि त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांची खेळणी तुलनेने अलीकडची असण्याचे कारण हेच.

आता सेलचा उतार आणि दिव्याची पायरी एकमेकांना जुळवून पाहू. दोन पेन्सिल सेल एकामागोमाग जोडले की 3 व्होल्ट मिळतात. त्यावर पांढरा दिवा जोडला तर कोऱ्या सेलवर तो पेटेल. पण प्रत्येक सेल 1.4 ला उतरला की एकूण 2.8 व्होल्ट उरतात, आणि दिवा मलूल होतो. चार्ज होणारे सेल घातले तर 2.4 व्होल्टवर तो जवळजवळ पेटणारच नाही. त्याऐवजी तांबडा दिवा लावा. सेल 1.2 ला आले तरी 2.4 व्होल्ट उरतात, दिव्याला 2 पुरतात. म्हणजे चुलीच्या निखाऱ्याला दोन सेल आणि किल्ल्याच्या पांढऱ्या दिव्याला तीन. यातून एक सोपा हिशेब निघतो: दिवा जितक्या व्होल्टचा, तितके पेन्सिल सेल. तांबड्याला दोन, पांढऱ्या-निळ्याला तीन. हा काही भौतिकशास्त्राचा नियम नव्हे, कामचलाऊ आडाखा आहे. पण यात सेलचा उतार आणि दिव्याची पायरी यांच्यात नेमके पुरेसे अंतर राहते.

उरलेले व्होल्ट कुठे जातात? दोन सेलांच्या तीन व्होल्टपैकी दोन दिव्याने घेतले, एक उरला. तो रोधाने, म्हणजे दुकानात ज्याला ‘रेझिस्टन्स’ म्हणतात त्याने, अंगावर घ्यायचा. आपल्याला 5 मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर 1 भागिले 0.005, म्हणजे 200 ओहम. बाजारात नेमका 200 चा सहज मिळत नाही, 220 चा मिळतो. तो घ्यावा, प्रवाह साडेचार मिलिअँपिअर होईल. तीन सेल आणि पांढरा दिवा असेल तर उरलेले दीड व्होल्ट भागिले 0.005, म्हणजे 300, बाजारातला 330. गंमत अशी, की सेल 1.2 व्होल्टला उतरले की दोन्ही मंडलांत प्रवाह सारखाच, 1.8 मिलिअँपिअर राहतो. दिवा मंद होतो, विझत नाही. चुलीच्या बाबतीत तर हे सोन्याहून पिवळे, कारण निखारा तसाच विझत जातो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की रोध म्हणजे शक्तीची नासाडी. कोऱ्या सेलवर एक तृतीयांश ऊर्जा रोधात तापून जाते हे खरेच आहे. पण सेल 1.2 व्होल्टला आला की हा वाटा एक षष्ठांशावर येतो, आणि या किमतीत सेल तळापर्यंत वापरता येतो. एकाच सेलचे दीड व्होल्ट वाढवून पांढरा दिवा पेटवणारी छोटी मंडले मिळतात, बागेतल्या सौर दिव्यांत ती असतात. ती हुशार आहेत, पण त्यांतही काही ऊर्जा वाया जातेच आणि बिघाड झाला तर घरी दुरुस्त होत नाहीत. खरी नासाडी पाहायची तर 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर एक तांबडा दिवा लावून पाहावा. नवापैकी सात व्होल्ट, म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा, नुसती ऊब होऊन जाते, आणि त्या बॅटरीची साठवण असते जेमतेम 500 मिलिअँपिअर-तास. शिवाय तिची दोन्ही टोके शेजारी-शेजारी. एखादे नाणे किंवा पिन आडवी पडली की झाले.

दुसरा आक्षेप असा, की रोधाशिवायही दिवा पेटतो, मग तो लावायचा कशाला? चपट्या बटण सेलला एलईडीचे दोन पाय दोन बाजूंनी चिमटले की दिवा लागतो, हे अनेक मुलांनी पाहिलेले असते. तिथे रोध नाही असे नाही. तो सेलच्या पोटात आहे. बटण सेलचा अंतर्गत रोध एवढा असतो की प्रवाह तिथेच अडतो. हीच युक्ती पेन्सिल सेलांवर केली तर फसते, कारण कोऱ्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध ओहमच्या काही दशांशांइतका, म्हणजे नगण्य असतो. तीन व्होल्टवर थेट जोडलेल्या तांबड्या एलईडीला तिथे अडवणारे कोणी नाही आणि तो क्षणात जळू शकतो. एका रोधावर तीन दिवे शेजारी-शेजारी जोडण्याचा मोहही असाच. तीन दिव्यांच्या पायऱ्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. ज्याची किंचित खाली असेल तो बहुतेक प्रवाह ओढतो, बाकीचे उपाशी राहतात. म्हणून ज्याचा त्याला रोध. बाजारात तो रुपया-दोन रुपयांत मिळतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मूठभर घेतले तरी खिशाला जाणवत नाहीत.

रोध कुठे बसवायचा याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि इथे सेलपासून विचार करण्याचा मोठा फायदा दिसतो. मंडलाच्या दृष्टीने रोध दिव्यापाशी लावला काय किंवा सेलपाशी लावला काय, उजेड तेवढाच. पण मूल खेळणे आपटणार, तारा ओढणार, कधीतरी दोन उघड्या तारा एकमेकींना टेकणार. रोध दिव्यापाशी असेल तर सेलांमधून थेट काही अँपिअर प्रवाह वाहील, तारा आणि सेल तापतील. तो सेलच्या खोक्यातच, धन टोकाला चिकटून बसवला असेल तर पुढे तारा कशाही गुंतल्या तरी 3 भागिले 220, म्हणजे साधारण 14 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहूच शकत नाही. रुपयाची वस्तू, पण जागा बरोबर असली की ती फ्यूजचेही काम करते. एलईडी उलटा जोडला जाण्याची भीतीही अशीच निवारते. त्याचा लांब पाय धन बाजूला हवा. चुकला तर तो पेटत नाही, एवढेच. साधा एलईडी सुमारे 5 व्होल्ट उलटे सोसतो आणि आपले दोन किंवा तीन सेल त्याच्या आतच आहेत. नऊ व्होल्टची बॅटरी ही चूक पदरात घेईलच असे नाही.

‘पण पाच मिलिअँपिअरमध्ये उजेड तो किती पडणार?’ ही शंका येते ती जुन्या सवयीमुळे. टॉर्चचा तारेचा बल्ब तीनशे मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढायचा. 2000 मिलिअँपिअर-तासांचा सेल त्याला सहा-सात तास पुरायचा आणि साधा झिंक-कार्बन सेल तर त्याहून खूप आधी मान टाकायचा. एलईडीच्या माहितीपत्रकातही 20 मिलिअँपिअरचा आकडा ठळक असतो, म्हणून लोक तोच धरून चालतात. पण तो बहुधा सतत सोसायचा कमाल आकडा असतो, गरजेचा नव्हे. आपला डोळा उजेड सरळ मापाने मोजत नाही. प्रवाह निम्मा केला तर उजेड निम्मा होतो, पण डोळ्याला तो थोडासाच कमी वाटतो, आणि सेल मात्र दुप्पट टिकतो. शिवाय खेळणे लहान मुलाच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असते. तिथे टोचणारा पांढरा ठिपका नकोच. एलईडीच्या घुमटावर बारीक पॉलिश पेपर फिरवला किंवा पुढे बटर पेपरचा तुकडा लावला की प्रकाश पसरतो आणि मऊ होतो.

आता चुलीचा पूर्ण हिशेब मांडू. तीन तांबडे दिवे, प्रत्येकाला 220 ओहमचा रोध, एकूण प्रवाह 14 मिलिअँपिअरच्या आसपास. दोन अल्कलाइन पेन्सिल सेल एकामागोमाग असल्याने व्होल्ट वाढतात, साठवण एकाचीच धरायची, म्हणजे सुमारे 2000 मिलिअँपिअर-तास. मूल रोज अर्धा तास खेळले तर दिवसाला 7 खर्च होतात आणि सेल नऊ महिने जायला हवेत. पण बटण चालूच राहिले तर दिवसाला 336 जातात आणि सहाव्या दिवशी सगळे आटोपते. नऊ महिने आणि सहा दिवस! दिव्याची निवड, रोधाचा आकडा, सेलची जात यांतल्या कुठल्याही सुधारणेने एवढा फरक पडत नाही. खेळण्यातला सेल उजेडाने संपत नाही, विसरल्याने संपतो. तरीही बहुतेक खेळण्यांना सरकणारे चालू-बंदचे बटण असते. ते बंद करण्याची जबाबदारी चार वर्षांच्या मुलावर टाकलेली असते, आणि बटण चालू राहिले म्हणून बोलणी त्यालाच बसतात.

सर्वांत साधा उपाय म्हणजे दाबून धरले तरच चालू राहणारे बटण. चुलीवर पातेले ठेवले की ते दाबले जावे आणि दिवा लागावा, अशी रचना केली तर तो खेळाचाच भाग होतो. त्याहून थोडे पुढे जायचे तर एक बीसी 547 ट्रान्झिस्टर, 1000 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि 47 किलोओहमचा रोध एवढे पुरते. बटण एकदा दाबले की कपॅसिटर भरतो, बटण सोडल्यावर तो 47 किलोओहमच्या रोधातून ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये सावकाश रिकामा होतो. दिवे हळूहळू मावळत दोन-तीन मिनिटांत विझतात आणि त्यानंतर सेलमधून मोजण्याजोगे काहीच जात नाही. कपॅसिटरची धन-ऋण टोके तेवढी पाहून जोडावीत. चुंबक जवळ आला की लागणारा रीड स्विच दिसायला जादूसारखा असतो, पण मी तो लहान मुलांच्या खेळण्यासाठी सुचवणार नाही. दोन छोटे ताकदवान चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटतात. त्यातून शस्त्रक्रियेची वेळ येते.

दिवा लुकलुकणारा असावा ही मुलांची फर्माईश असते आणि सेलच्या दृष्टीने ती चांगलीच आहे, कारण अर्धा वेळ दिवा बंद. पण इथेही सेल विसरून चालत नाही. लुकलुकण्यासाठी पहिले नाव घेतले जाते ते 1972 मध्ये बाजारात आलेल्या 555 या चिपचे. मूळ 555 ला किमान साडेचार व्होल्ट लागतात, म्हणजे तीन सेल थोडे उतरले की ती नियमाबाहेर गेली. शिवाय ती स्वतःच सुमारे 3 मिलिअँपिअर खाते, म्हणजे नोकराचा पगार मालकाच्या मिळकतीइतका. तिचीच सीमॉस आवृत्ती दोन व्होल्टवर चालते आणि मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्श्यात भागवते. ती घ्यावी. आणि लुकलुक संथ ठेवावी, सेकंदाला एकदा. जपानमध्ये 16 डिसेंबर 1997 रोजी पोकेमॉनच्या एका भागात तांबड्या-निळ्या रंगांची झपाट्याने, सेकंदाला सुमारे बारा वेळा, उघडझाप झाली आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. खेळण्यातला एक दिवा म्हणजे टीव्हीचा पडदा नव्हे हे मान्य. तरी ज्या वेगाची गरजच नाही तो ठेवण्यात शहाणपण नाही.

सेलपासून सुरुवात करा या म्हणण्यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप बटण सेलवाल्यांचा असतो. तो चपटा, हलका, एकटाच तीन व्होल्टचा, कुठेही मावतो. अंगठी, भिंगरी, बाहुलीच्या डोळ्यांत पेन्सिल सेल कसा घालणार? सीआर 2032 या नावातच त्याचे माप आहे: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. पण हेच माप घात करते. तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथल्या ओलाव्यातून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. सेल फुटावा लागत नाही. ‘संपलेला’ म्हणून टाकलेल्या सेलमध्येही एवढे करण्याइतके व्होल्ट उरलेले असतात. मुलाने तो गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायच्या फंदात न पडता थेट मोठे रुग्णालय गाठायचे असते. अमेरिकेत रिमोटमधला असा सेल गिळून एका दीड वर्षाच्या मुलीचा मृत्यू झाला आणि 2022 मध्ये तिच्याच नावाने, ‘रीज लॉ’ म्हणून, घरगुती वस्तूंमधल्या बटण सेलांसाठी कायदा झाला. खेळण्यांसाठीचे नियम तिथे आधीपासून होते. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस 15644 हे मानक लागू आहे. पण घरी केलेल्या खेळण्यावर कोणी छाप मारत नाही. तिथे निरीक्षक आपणच. माझा निर्णय सरळ आहे: ज्या खेळण्यात पेन्सिल सेल मावत नाही, त्यात दिवा नको. फार तर रिमोटमध्ये वापरतात तो बारीक पेन्सिल सेल घ्यावा. त्याची साठवण मोठ्याच्या निम्मी धरली तरी आपल्या चुलीला सत्तर तास पुरते. जुन्या मोबाइलमधली लिथियम बॅटरी तर विचारातच घेऊ नये. तिला भोक पडले किंवा तिची टोके जुळली तर ती पेट घेऊ शकते, आणि मुले वस्तूंना भोके पाडतातच.

मग उरते सेलचे घर. झाकणाला स्क्रू हवाच, नखाने उघडणारी खिट्टी नको. आत सगळे सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे घालावेत. एक जुना आणि दोन कोरे घातले की जुना आधी रिता होतो, बाकीचे दोघे त्याच्यातून तरीही प्रवाह रेटत राहतात आणि तो पाझरतो. अल्कलाइन सेलमधून बाहेर येते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते पत्र्याच्या पट्ट्या खाते आणि कातडीलाही पोळते. झिंक-कार्बन सेलची तर जस्ताची भिंतच रसायनात झिजत असते, म्हणून तो संपल्यावर फार दिवस तसाच ठेवणे धोक्याचे. सोल्डर केलेले सांधेही याच बंद घरात राहू द्यावेत. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, आणि लहान मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. दिवाळी सरली, किल्ला मोडला, भातुकली पेटीत गेली, की खेळणी ठेवण्याआधी स्क्रू काढून सेल बाहेर काढा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.